रिकाम्या चौकटीचं उत्तर

न्हाणीघरातल्या पेल्यात दोन ब्रश होते. उल्काच्या ब्रशचे केस चारी दिशांना पसरले होते. तिच्याच ब्रशबरोबर घेतलेला तिच्या नवऱ्याचा, शुभंकरचा ब्रश अजून ताठ उभा होता. तो नागपुरात शिकवायचा आणि दोन महिन्यांतून तीन दिवस बंगळुरूत, बनशंकरीला यायचा. उल्काला कंपनीनं वर्षापूर्वीच घरून काम करायची मुभा दिली होती, अगदी नागपूरहूनसुद्धा. पण तो 'ये' म्हणत नव्हता आणि ही 'येऊ का' विचारत नव्हती. दोघंही फार समजूतदार होते.

अशात सोसायटीचे सेक्रेटरी जयतीर्थ यांनी तिच्यावर एक काम सोपवलं. गच्चीवर सोलर बसवायचा होता. खर्च वाटून घेण्यासाठी कोण अजून किती वर्षं राहणार, हे फॉर्मवर विचारून यादी करायची. उल्कानं यादी आपोआप करणारी छोटीशी संगणकी स्क्रिप्ट लिहिली. स्वतःची चौकट मात्र रिकामी सोडली.

त्या स्क्रिप्टची भाषा मोठी सोशीक. आकड्याच्या जागी काहीही आलं, तरी कुरकुर न करता त्याचा आकडा करून बघते. तळमजल्यावरच्या कल्लाप्पांनी 'मरेपर्यंत' असं लिहिलं होतं. त्याचा आकडा काही होईना, तेव्हा त्यांच्या नावापुढे 'आकडा नाही' असं आलं आणि ते दोन दिवस खुशीत होते. रिकाम्या चौकटीचं मात्र ती सरळ शून्य करते. उल्कानं आपल्या नावापुढचं शून्य न बघताच यादी ग्रुपवर टाकली.

दुपारपर्यंत जयतीर्थांनी तिच्या घरमालकाला कळवलं, घरमालकानं दलालाला. संध्याकाळी एक जोडपं येऊन बेडरूम मोजून गेलं. समोरच्या गंगव्वा निरोपाची होळिगे, म्हणजे पुरणपोळी, घेऊन आल्या आणि जाताना उल्काची कढीपत्त्याची कुंडी घेऊन गेल्या. ही नुसती चूक आहे, रिकामं म्हणजे शून्य नव्हे, असं उल्का प्रत्येकाला समजावत राहिली.

दुसऱ्या दिवशी जयतीर्थांसमोर तिनं स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. शून्य गेलं, चौकट पुन्हा रिकामी झाली.

"सरी, ठीक झालं," जयतीर्थ म्हणाले. "आता खरा आकडा टाक की. रिकाम्या जागेवर सोलर कसा बसवू मी?"

उल्कानं फोन उचलला आणि परत खाली ठेवला.

"नवऱ्याला विचारायचंय काय गं?" दारातून गंगव्वांनी विचारलं.

"तो काही बोलतच नाही, अक्का."

"मग तू बोल की."

उल्कानं फोन लावला. शुभंकर नेहमीच्या अदबीनं म्हणाला, "कामात असशील ना? सावकाश बोलू."

"नको," ती म्हणाली. "मी तिकडे राहायला येतेय."