नझीरभाईंचा वेलँड

आमच्या इमारतीतले नझीर काझी कुणाच्याही घरी गेले की तब्येत विचारत नाहीत. चपला काढता काढताच विचारतात, "तुमच्या पडद्यामागे कोण आहे?" नवा भाडेकरू असला तर तो बिचारा घाबरून खिडकीच्या पडद्याकडे बघतो.

नझीरभाई विचारतात ते कम्प्युटरच्या पडद्याबद्दल. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कम्प्युटरमध्ये पडद्यावर खिडक्या मांडणारा, माउस कुठे फिरतोय ते सांगणारा एक कारभारी असतो. जुना कारभारी एक्स, नवा वेलँड. जगातले बाकीचे लोक यातलं काहीही न कळता सुखाने जगतात. नझीरभाईंनी कुवेतमध्ये वीस वर्षं कम्प्युटर दुरुस्त केले आणि पनवेलला परत आल्यावर काही वर्षांनी वेलँडचे वकील झाले.

"एक्स म्हणजे जासूस हो, सावंतसाहेब," ते मला म्हणायचे. "एका खिडकीत तुम्ही काय करताय ते शेजारची खिडकी आरामात बघते. वेलँडमध्ये तौबा! ज्याने त्याने आपल्या घरात बघायचं."

एक्सची बाजू घ्यायला हरीभाऊ म्हात्रे होते. उरणजवळच्या द्रोणागिरीला राहायचे, बंदरावरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. दर रविवारी बसने पनवेलला यायचे, आणि खटला चालायचा माझ्या घरी, कारण माझा कम्प्युटर तटस्थ मानला गेला होता. तो चालू करताना एक्स हवा की वेलँड हे निवडता येतं. नझीरभाई वेलँड निवडून चहा प्यायला वळले की हरीभाऊ गुपचूप एक्स करून ठेवायचे. माझ्या बायकोला फक्त विजेचं बिल बघायचं असायचं. तिला ते सोमवारीच बघायला मिळे.

"चाललंय ना सगलं? मंग कशाला बदलतंस?" हरीभाऊंचा युक्तिवाद एवढाच.

"पस्तीस-चाळीस वर्षांचा झाला तो, हरी!"

"आमी पासष्टचे हाव. आमाला पन काढ."

मला या भांडणाची इतकी मजा वाटायची की ते थंडावलं तर मीच काडी टाकायचो. आता ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मागच्या वर्षी हरीभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पनवेललाच झालं. घराची किल्ली त्यांनी नझीरभाईंकडे दिली. मुलगी नाशिकला, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली; तुळशीला पाणी घालायला दुसरं कोण? नझीरभाई एक दिवसाआड उरणची बस पकडून द्रोणागिरीला जायचे आणि तुळशीला पाणी घालायचे. तिसऱ्या खेपेला मलाही घेऊन गेले.

पाणी घालून झाल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. "हरी घरी येईल तेव्हा त्याला भेट द्यायची. अक्खा कम्प्युटर नवा करून टाकतो."

दवाखान्यातून येणाऱ्या माणसाला लोक फळं देतात, फार तर शहाळं. नझीरभाईंनी त्याच्या पाठीमागे त्याचा एक्स काढून वेलँड बसवला. मी समोर बसून हरीभाऊंच्याच डब्यातली चिक्की खात होतो. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाहीच, वर विनोद केला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन गोल डोळे होते, माउस जाईल तिकडे बघणारे. एक्सबरोबर येणारं जुनं खेळणं ते. नवा कारभारी आल्यावर ते डोळे जागच्या जागी थिजले. मी म्हणालो, "बघा, जासूस पकडला." आम्ही दोघेही खूप हसलो.

हरीभाऊ काठी टेकत घरी आले. नझीरभाईंनी ऐटीत कम्प्युटर चालू केला. हरीभाऊंनी माउस हलवला. पुन्हा हलवला.

"डोलं हालत नाय," ते म्हणाले.

"हलणार नाहीतच!" नझीरभाई सुरू झाले. "तीच तर खुबी! त्या खिडकीने आपल्यापुरतं बघायचं. बाहेर माउस कुठे गेला याच्याशी तिला काय करायचंय?" असं पाच मिनिटं चाललं. शेवटी हरीभाऊंनी हात पुढे केला. "किल्ली दे."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक्स परत बसवला. पण रविवारचं येणं बंद झालं. नझीरभाई म्हणायचे, "हरलाय, म्हणून येत नाही." आणि साडेचार वाजता माझ्या गॅलरीत उभे राहून बसस्टॉपकडे बघायचे.

दोन महिन्यांनी हरीभाऊंच्या मुलीचा फोन आला. वडील जेवत नाहीत, जरा बघून याल का, म्हणून. बोलता बोलता डोळ्यांचं निघालं. तिच्या आईला अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. उजवा हात तेवढा जरा हलायचा. पलंगापाशी कम्प्युटर ठेवून हातात माउस दिला होता. ती तो सरकवायची, डोळे वळायचे आणि ती हसायची. शेवटचं वर्षभर ती फक्त त्यावरच हसली.

मी वर जाऊन हे नझीरभाईंना सांगितलं. ते टोपी काढून खाली बसले.

"ते डोळे मीच लावले होते," ते म्हणाले. "वहिनींसाठी. तेव्हा मीही एक्सवाला होतो. सावंतसाहेब, मी विसरलो कसा?"

"मग जाऊन माफी मागा."

पण ते नझीरभाई. गुन्हा कबूल, पक्ष सोडणार नाही. वेलँडमध्येच डोळे हलवून दाखवतो म्हणाले. तीन आठवडे खटपट केली, मग वेलँडवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत विनंती टाकली की अशी एक छोटी सवलत ठेवा. कुठल्या तरी देशातल्या पोराने अदबीने उत्तर दिलं, की शेजारच्या खिडकीत काय चाललंय हे कुणाला का कळावं? खाली आणखी चौघांनी हेच लिहिलं. नझीरभाईंनी मला ते वाचून दाखवलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "मीही हेच लिहिलं असतं."

पुढच्या रविवारी आम्ही उरणची बस धरली. वाटेत ते माफीची वाक्यं पुटपुटत होते, त्यात 'गुस्ताखी' तीनदा आली. हरीभाऊंनी दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"हरी," ते म्हणाले, "तुझंच बरोबर. एक्सच चांगला."

हरीभाऊ चांगलेच वाळले होते. त्यांनी नझीरभाईंकडे निरखून बघितलं. "खोटं बोलतंस."

"हो."

"मंग कशाला बोलतंस?"

"दुसरं काय देऊ तुला?"

मी उगाच तुळशीकडे बघत राहिलो.

"ते डोळे मीच लावले होते रे, हरी," नझीरभाई म्हणाले. "आणि मीच..."

"माला ठाव हाय कोनी लावले ते," हरीभाऊ म्हणाले. "ती तुजं नाव घ्याला बघायची, तोंडातून निघायचं नाय. दुसऱ्या कोनी काढले असते तर शिव्या घालून सोडला असता." मग काठी बाजूला घेऊन त्यांनी वाट दिली. "आत ये. कम्प्युटरला हात लावू नको."

नझीरभाई आत जाऊन कॉटवर बसले आणि चहा येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.