दहापैकी दोन

तक्रार न करण्याच्या बाबतीत अख्ख्या यॉर्कशरमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो! हॅडरलीच्या बस डेपोत मेकॅनिक होतो, तेव्हा एकदा पायावर गिअरबॉक्स पडला. साहेब धावत आले. "माल्कम, फार लागलं का?" मी म्हणालो, "नाही हो. तुमचा चहा निवतोय, तुम्ही व्हा पुढे." तीन बोटं मोडली होती! पण बोललो का? नाव नको!

त्यामुळे सोमवारी संध्याकाळी टॉफी चावताना माझ्या वरच्या सुळ्याचा टवका उडाला, तेव्हाही मी बायकोला, म्हणजे पॉलीनला, एवढंच म्हणालो, "टॉफी जरा कडक आहे."

मंगळवारी सकाळी माझा डावा गाल माझ्या आधी उठून बसला होता.

एरवी मी गप्पच राहिलो असतो. पण शनिवारी आमच्या गावच्या ब्रास बँडचा कार्यक्रम होता आणि कॉर्नेटवर, म्हणजे आमच्या छोट्या ट्रम्पेटवर, एकट्यानं वाजवायचा तुकडा यंदा माझ्याकडे होता. एकतीस वर्षं मी मागच्या रांगेत बसून नुसतं पॉं-पॉं करत आलो. पहिल्या खुर्चीवरचे लेस्ली मार्चमध्ये मुलीकडे स्पेनला राहायला गेले, तेव्हा कुठे माझा नंबर लागला. शेजारच्या खुर्चीवरचा रॉय बॉटमली तेव्हापासून रोज माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. फारच आपुलकीनं!

"सरकारी दंतवैद्य गाठ," पॉलीन म्हणाली.

"अकराच्या चहाच्या आत गाठून दाखवतो!"

गावात दातांचे तीन दवाखाने. तिन्ही ठिकाणी सरकारी सेवेच्या पेशंटांची यादी भरलेली. एका ठिकाणची बाई तर म्हणाली, "यादीत जागा होण्यासाठी जी यादी आहे ना, तीही भरली आहे." राहता राहिला सरकारी मदतीचा फोन. तो लावला.

"नमस्कार, कसे आहात?" पलीकडून एक गोड मुलगी म्हणाली.

"मजेत! तुम्ही कशा आहात?"

"दुखतंय किती ते एक ते दहात सांगाल का?"

आता दहा म्हणजे काय, विचार करा. दहा म्हणजे शार्कनं पाय धरलेला माणूस. ते मी घेऊन बसलो तर त्या बिचाऱ्याला काय उरणार? माणसानं हावरटपणा करू नये.

"दोन," मी म्हणालो.

"मग मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा हं. बाय!"

"दोन?" पॉलीन किंचाळली. "अरे, तुझा गाल फाटकातून पोस्टमनला दिसतोय!"

बुधवारी तिनं स्वतःच फोन लावला. "नऊ! नाही, साडेनऊ! रात्रभर उशी चावतोय तो माणूस!"

"पेशंटशी बोलू शकते का मी?"

पॉलीननं फोन माझ्या हातात दिला. "काका, खूपच दुखतंय का?"

"छे हो! ती जरा जास्तच काळजी करते."

भांडी पुसायचं फडकं थेट माझ्या सुजलेल्या गालावर येऊन बसलं. नेमबाजी उत्तम आहे तिची.

गुरुवारी शेजारच्या गावात दातांचा नवा सरकारी दवाखाना उघडणार होता. पहिल्या चाळीस जणांची नोंदणी! मी घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन सकाळी सहाला हजर. माझा नंबर अकरावा! इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

मग एक काठीवाले आजोबा आले. त्यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." नंतर एक लेकुरवाळी आली. तिला नाही म्हणायला मी काय राक्षस आहे? तेवढ्यात दोघी बहिणी आल्या, त्यांना कामावर जायचं होतं. आणि त्यांना पुढे सोडलं हे मागच्यांनी पाहिलेलं, मग त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार? दार उघडलं तेव्हा मी एक्केचाळिसावा होतो. आतली बाई म्हणाली, "चाळीस झाले, माफ करा!" माझ्या मागचा बेचाळिसावा चिडला. मी त्याचीसुद्धा माफी मागितली.

घरी आलो तर पॉलीन वाटच बघत होती. तिनं मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि हातात लाकडी चमचा घेतला.

"आता मी फोनवरची मुलगी. मी विचारीन, तू बोंबलायचं. कसे आहात?"

"मजेत."

चमचा टेबलावर फाडकन आपटला. "पुन्हा! कसे आहात?"

"तसं ठीकच..."

फाड! दीड तास हे चाललं. पण शेवटी जमलं हो! असा काही सूर लागला की माझाच मला विश्वास बसेना. "मेलो! मेलो! आता सहन होत नाही! कोणीतरी वाचवा!"

"शाबास!" पॉलीन ओरडली आणि आनंदानं चमचा आपटला. "आणखी मोठ्यानं!"

खिडकी उघडी होती. शेजारच्या ईनिड वॉमर्स्ली बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं, आणि दहा मिनिटांत दारात अँब्युलन्स आणि पोलीस, दोन्ही!

"बाई, तो चमचा आधी खाली ठेवा," पोलीस म्हणाला.

"मी हात नाही लावला हो त्याला!" पॉलीन रडकुंडीला आली. "त्याला बोंबलायला शिकवत होते!"

पोलिसानं हे वहीत लिहून घेतलं.

अँब्युलन्सवाला माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. "काका, काय होतंय?"

"काही नाही रे बाबा. उगाच तुम्हाला हेलपाटा. चहा टाकू का?"

त्यानं माझा गाल नीट तपासला. मग त्यानं स्वतःच फोन लावला. "दहापैकी नऊ! अहो, मी बघतोय ना समोर!" आणि मिळाली की वेळ! शुक्रवारी दुपारी तीन, चाळीस मैलांवर. पोलीस जाताना म्हणाला, "काही लागलं तर कळवा," पण बघत होता चमच्याकडे.

शुक्रवारी दोन बसेस बदलून पोचलो. दंतवैद्य बाई इतक्या गोड की काय सांगू! भूल दिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग चिमट्यानं एका दातावर टकटक केलं. "दोन्ही वाईटच दिसतायत. दुखतोय तो हाच ना?"

तो नव्हता. दुखत होता तो सुळा; हा त्याच्या शेजारचा होता, पुढचा. पण बाईंनी चिमटा बरोबर धरला होता, बाहेर चार माणसं खोळंबली होती, आणि इतक्या प्रेमानं विचारलं होतं!

"हो," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये पॉलीननं विचारलं, "थांबलं का दुखायचं?"

"तसं... नाही."

"म्हणजे? काढला ना दात?"

"काढला ना. शेजारचा."



शनिवारी बँडमास्तरांनी विचारलं, "माल्कम, बरा आहेस ना? नाहीतर रॉय वाजवेल." रॉय कॉर्नेट पुसत उभाच होता.

"ठणठणीत!" मी म्हणालो.

उभा राहिलो. सभागृह भरलेलं. कॉर्नेट ओठाला लावलं, फुंकलं, आणि पुढच्या फटीतून सगळी हवा निघून गेली. सूंऽऽऽ! चहाच्या किटलीचा आवाज! जोर लावला तर किटली आणखी उकळली. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली, त्या तुकड्यात मी दोन मिनिटं चाळीस सेकंद नुसता उकळत राहिलो.

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी ईनिडबाई म्हणाल्या, "छान झालं." पाद्री म्हणाले, "काहीतरी वेगळंच होतं." रॉयनं खांद्यावर हात ठेवला. "काही वाईट नव्हतं हो!"

आणि यातल्या प्रत्येक शब्दाचा खरा अर्थ मला कळत होता, कारण सहासष्ट वर्षं मी हीच भाषा बोलत आलोय! खूप लागलं मनाला. कोट चढवायच्या निमित्तानं मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

पॉलीन मागून आली. "भयंकर होतं, माल्कम," ती म्हणाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. मला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

म्हणून ठरवलं, आता खरं बोलायचं! सोमवारी सकाळी फोन लावला. पॉलीन शेजारी उभी.

"एक ते दहात सांगाल का?"

"दहा!" मी गरजलो. पॉलीननं टाळी वाजवली.

"अरे देवा! थांबा, आज दुपारचीच एक वेळ रिकामी आहे..."

"नाही, नाही, माझ्यासाठी धावपळ नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुमच्या सवडीनं बघा."

पुढच्या वर्षीची अकरा नोव्हेंबर मिळाली. मी आभार मानले.

पॉलीन आत्ता स्वयंपाकघरात सगळे खण उपसून लाकडी चमचा शोधते आहे. भीती वाटते का, विचारताय? छे हो! दहापैकी दोन.