पऱ्हाटीत गेलेला टोला

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी "मीपण येतो" एवढंच बोललो. बोललो नसतो तर सासऱ्यांच्या ओसरीवर चकल्या खात सुखानं बसलो असतो.

पण समोर इंद्रभान बसले होते ना! इंद्रभान म्हणजे माझे साडू, मेव्हणी सिंधूचे यजमान. माणूस मूळचा आपल्या इकडच्या सोनाळा गावचा, पण आता मुंबईत कुठल्याशा विलायती कंपनीत साहेब. मी मेहकरला कचेरीत कारकून. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं आणि माझं लग्न त्याहून थोडं जुनं. त्यामुळे बुलडाण्याच्या त्या घरात मोठा जावई मीच. पण आमचे सासरे नारायणराव यांच्या नजरेतून पाहिलं, तर मी वयानं मोठा आणि इंद्रभान बाकी सगळ्यानं. चहा आधी त्यांना. आरामखुर्ची त्यांना. मला स्टूल. (मी लक्ष ठेवून नसतो. बसलं की टोचतं, म्हणून कळतं.)

तर इंद्रभानांनी मुंबईहून एक लांबलचक कातडी पिशवी आणली होती. मला वाटलं, छत्र्या असतील. निघाल्या काठ्या.

"गोल्फ!" इंद्रभान म्हणाले. "इथं साहेब लोकांच्या वेळचं मैदान आहे म्हणतात. सुट्टी आहे, एक राऊंड मारून येऊ."

सासरे खुलले. "चाला की! क्लबचा सेक्रेटरी माह्या ओळखीचा हाये. भगवंतराव, तुम्ही घरीच आराम करा."

हा आराम माझ्या काळजात कुसळासारखा रुतला. म्हणून मी ते वाक्य बोललो. वर म्हणालो, "आम्हीपण खेळलो आहोत लहानपणी." (विटीदांडू. पण तपशील कुणी विचारला नाही.)

मैदान होतं घाटाच्या कडेला. गोऱ्यांच्या काळात तिथे हिरवळ असेलही. आता गुडघाभर गवत, मधूनमधून भुसभुशीत माती आणि एका भोकात रोवलेला बांबू. पलीकडे लांबवर पऱ्हाटीचं वावर, म्हणजे कापसाचं शेत, बोंडं फुटून पांढरंशुभ्र झालेलं. विमल, म्हणजे आमची ही, आणि सिंधू चिवड्याचा डबा घेऊन मागोमाग आल्याच.

इंद्रभानांनी काठी फिरवली. टक्! चेंडू पाखरासारखा उडाला. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा टक्, पुन्हा टाळ्या. सिंधूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा विमलकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मी बाह्या सरसावल्या.

"आता मी," मी म्हणालो.

चेंडू मातीवर ठेवला. डोळे मिटले. चहा, आरामखुर्ची, स्टूल, सगळं आठवलं आणि जीव खाऊन काठी फिरवली. ढप्! हातांना झिणझिण्या आल्या, धुळीचा लोट उठला, विमल खोकत पुढे आली. मी डोळे उघडले, तर चेंडू जागेवर नव्हता!

"कुठं गेला?" इंद्रभानांनी विचारलं.

मला काय ठाऊक! मी काठीनं जितकं लांब दाखवता येईल तितकं लांब दाखवलं. "तो काय, पऱ्हाटीत!"

"एवढ्या लांब?" इंद्रभान म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. (त्या पडलेल्या चेहऱ्यासाठी मी आणखी दहा दिवाळ्या स्टुलावर काढल्या असत्या.)

"वा, जावईबापू!" सासरे ओरडले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

"पण तो शेवटचा चेंडू होता हो," इंद्रभान म्हणाले. "आमच्या साहेबानं दिलेला. शोधावाच लागेल."

फुटलेल्या कापसात पांढरा चेंडू शोधून पाहा कधीतरी. आम्ही वाकलो तोच बांधावरून आवाज आला, "कोन हाये बे वावरात?" वावराची मालकीण, तानुबाई.

"चेंडू हरपला, बाई," सासरे म्हणाले.

"चेंडू? माह्या वेचणाऱ्या बाया सणाले माहेरी गेल्या, कापूस गयून राह्यला, अन् तुम्ही चेंडू पाहून राह्यले? पाहा. पन हात रिकामा फिरवू नका. बोंड दिसलं का वेचा!"

तिनं आम्हा दोघा जावयांच्या कमरेला फडकी बांधली. सासरे बांधावर बसले. सिंधू वाकून सऱ्या पाहू लागली. विमल मात्र मैदानावर जिथं होती तिथंच मातीत फतकल मारून बसली. हाक मारली तर म्हणाली, "माहा पाय मुरगयला!" नवरा उन्हात राबतोय आणि ही चिवडा खातेय. मला रागच आला.

इकडे इंद्रभान दोन्ही हातांनी कापूस वेचत सुटले. "लहानपणी मायसंग जात होतो ना, मावशी!" मुंबईचा साहेब एका सरीत सोनाळ्याला पोचला.

"याले म्हनते हात!" तानुबाई म्हणाली. मग माझ्या ओटीत डोकावली. "अन् हे काय? कापूस थोडा अन् पालाच लय! हे जनावराले टाकू का गिरणीत धाडू?"

बांधावरून टाळ्या ऐकू आल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

ऊन उतरलं, चेंडू सापडला नाही. "जाऊ द्या," इंद्रभान म्हणाले, "असा टोला पाहायला मिळाला, हेच खूप." (माणसानं इतकं चांगलं असू नये. शेजारच्याला त्रास होतो.) परतताना सासरे रस्त्यात भेटेल त्याला माझा टोला सांगत होते. मी मुद्दाम सावकाश चालत होतो, म्हणजे आणखी माणसं भेटतील.

विमल मागे राहिली होती. पाय अगदी धड पडत होते. तिनं माझ्या मुठीत काहीतरी गोल, टणक कोंबलं.

"कुठं सापडला?" मी किंचाळायचाच राहिलो.

"हयू बोला! हरपलाच कधी होता? तुम्ही माती उडवली, हा मातीत दबला. माती खाली बसायच्या आत म्या पाय ठेवला, मंग वर बसली."

"अगं, मग सांगितलं काऊन नाही?"

"सिंधूच्या नवऱ्यासाठी बाबा सकायपासून टाया वाजवून राह्यले होते. तुमच्यासाठी लग्नापासून पहिल्यांदा वाजवल्या. म्हटलं, वाजू द्या."

मला भरून आलं. तरी म्हणालो, "अन् मी तिकडे दुपारभर कापूस वेचत होतो त्याचं काय?"

विमलनं सिंधूच्या पाठीकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"तो तरी धड वेचायचा होता! तेथंबी तिचाच नवरा पुढं."