बिराजदार सरांची देखरेख

लातूरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा एक आरोळी उठते, "हात वर!" ती उठली की व्यायामाच्या खोलीतले आम्ही तिघं सहायक पेशंटच्या गुडघ्यावरचे, मानेवरचे हात उचलून सरळ डोक्याच्या वर धरतो. जुने पेशंटही सवयीनं धरतात. ज्याचा एकच हात चालतो, तो एक वर करतो. एकदा दारात नवा कुरिअरवाला उभा होता. त्यानं पाकीट खाली टाकलं आणि हात वर करून भिंतीला पाठ लावली. बिचाऱ्याला वाटलं, धाड पडली.

धाड-बिड काही नाही हो. बिराजदार सर लघवीला निघालेले असतात.

सर आमचे फिजिओथेरपिस्ट. डिग्रीवाले. आम्ही सहायक, डिप्लोमावाले. नियम असा आहे की पेशंट तपासायचा आणि त्याचा व्यायाम ठरवायचा तो फिजिओथेरपिस्टनं. सहायकानं तो करून घ्यायचा, पण त्यांच्या देखरेखीखाली. आता देखरेख म्हणजे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवलेलं आहे. मी नावं घेत नाही, पण काही ठिकाणी देखरेख म्हणजे साहेब गावाला आणि सही महिन्याच्या शेवटी. आमच्या सरांचं तसं नाही. देखरेख म्हणजे त्यांचा डोळा. डोळा खोलीबाहेर गेला, की आमचा हात पेशंटवरून उठला पाहिजे.

"डोळ्याआड हात नाही, सुनंदाबाई!" हे वाक्य मी बारा वर्षं ऐकत आले. सुनंदाबाई म्हणजे मीच.

जेवणसुद्धा सर खोलीच्या मधोमध स्टुलावर बसून करतात. मांडीवर मेसचा डबा, तोंडात घास, आणि मान टेबलफॅनसारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्यंतरी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी पट्टी बांधून हजर! आल्या आल्या निम्मे पेशंट परत पाठवले. मी म्हटलं, "सर, यांना का घालवून राहिलात?" तर म्हणाले, "डोळा एकच हाय. एका डोळ्याला निम्मेच पेशंट."

आणि वही! देखरेखीची वही म्हणून एक जाडजूड रजिस्टर त्यांच्या बगलेत कायम असतं. त्यात आमचा कुठला हात पेशंटच्या कुठल्या सांध्याखाली होता इथपासून पेशंट कितीदा शिंकला इथपर्यंत सगळं टिपलेलं. सर मूळचे निलंग्याकडचे, सीमेवरचे. घरात आई कानडी बोलायची. त्यामुळे कागदावर ते शुद्ध मराठीत असतात, बोलताना लातुरी, आणि लई खूश झाले की "हौद री!" करतात. होय हो, असा त्याचा अर्थ. तो शब्द मी बारा वर्षांत दोनदा ऐकला असेल. आता रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत. सरांच्या घरच्या काकू वारल्या, मुलगी सासरी हैदराबादला. घरी गेल्यावर सर कुणाची देखरेख करत असतील, देव जाणे.

गावोगावच्या पेशंटकडे जायचं झालं तर स्कूटी माझी, आणि मागं सर. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर वही. बाकीच्या दवाखान्यांतल्या सहायक पोरी एकट्या जातात, मला मात्र ही वरात. एका गावात तर एका म्हातारीनं विचारलं, "पोरीला एकटीला सोडंना का गं तुझा बाप?"

त्या दिवशी मी भडकले. मी शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याची लेक. आमच्या घराण्यात पांढरा कोट घालणारी पहिली. येताना गाडी बाजूला घेऊन म्हटलं, "सर, मी काय चोर हाय? बारा वर्षं झाली, तुमचा माझ्यावर भरवसाच न्हाई."

सरांनी हेल्मेटची काच वर केली. "बाई, कायद्यात भरवशाचं कलम न्हाई." काच खाली. चला.

तर असं आमचं चाललेलं. त्यात यंदा आम्हा सहायकांची सरकारी नोंदणी सुरू झाली. नोंदणी झाली तर पुढं पेशंटला हात लावायचा, नाही तर घरी बसायचं. माझा अर्ज गेला होता. आणि नेमकं त्याच वेळी औशाजवळच्या सोपानकाकांचं प्रकरण उभं राहिलं.

सोपानकाकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. पाय हळूहळू वळणावर येत होता, धरून धरून चार पावलं टाकायचे. पण उजव्या हाताची मूठ जी मिटली होती, ती काही उघडायला तयार नव्हती. तीन महिने मी त्या बोटांशी झगडत होते आणि सर समोर बसून लिहीत होते. काकांच्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या देवणी बैलांची जोडी. व्यायाम करतानाही त्यांचं सगळं ध्यान खिडकीतून गोठ्याकडं. सरांनी त्यांना बजावलं होतं, धरायला माणूस असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा जरी टाकलं तर आमचं येणं बंद.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर काकांचा उजवा घोटा टम्म सुजलेला. पुण्याहून सणाला आलेला त्यांचा मुलगा गोविंद दारातच उभा. "माझ्या बापाचा पाय मोडून टाकला तुम्ही! परवा व्यायाम दिला आन् आज बघा. ही बाई डॉक्टर हाय का? असिस्टंट हाय, असिस्टंट!"

काका खाटेवर खाली मान घालून बसलेले. मी विचारलं, "काका, पडलात का कुठं?" मान हलली, नाही म्हणून. सरांनी घोटा पाहिला, एक्स-रे काढायला सांगितलं, त्या दिवशी व्यायाम देऊ दिला नाही, आणि वहीत लिहीत बसले. हाड शाबूत निघालं, मुरगळ होती. पण गोविंदनं लेखी तक्रार ठोकली. ट्रस्टनं चौकशी लावली, आणि निकाल लागेपर्यंत माझ्या अर्जाला लागणारं दवाखान्याचं पत्र थांबवलं. ठपका बसला तर नोंदणी गेली आणि सगळ्या शिकण्यावर पाणी. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

चौकशीला टेबलामागं दवाखान्याच्या मोठ्या मॅडम आणि ट्रस्टचे वकील. समोर व्हीलचेअरवर काका, शेजारी गोविंद. मी कोपऱ्यात, घामानं ओढणी चिंब.

वकील म्हणाले, "सर, आपण दरवेळी हजर होतात याला काय पुरावा?"

अहो, या माणसाला हे विचारायचं? सरांनी वही उघडली ती पहिल्या पानापासून. "मंगळवार. गुडघा वाकवणे, दहा वेळा. सुनंदाबाईंचा डावा हात गुडघ्याखाली, उजवा घोट्यावर. रुग्णाने दोनदा ढेकर दिला. खाटेखाली मांजर, पिल्ले तीन. गुरुवार. मूठ उघडली नाही. पिल्ले चार."

पाच पानांनंतर वकिलांनी जांभई दिली. दहा पानांनंतर हात जोडले. "सर, आपण बघत होतात हे पटलं. पण सूज आली ती व्यायामानंतर. मग यातून सिद्ध काय होतं? बाईंची चूक आपल्या डोळ्यांसमोर झाली, एवढंच ना?"

गेलं सगळं! त्या वहीवर माझी भिस्त होती, तर वहीनंच घात केला. सर मात्र पान संपल्याशिवाय थांबणारे नव्हतेच. "पोळ्याचा दुसरा दिवस. उजवा घोटा सुजलेला. व्यायाम दिला नाही. रुग्ण गप्प. रुग्णाच्या उजव्या हाताच्या नखांत हळद. बोटांना तुपाचा वास. बाहीला केस, काळे-पांढरे."

"थांबा सर!" मी उठूनच उभी राहिले. "हळद कुठल्या हाताला म्हणालात?"

सरांनी पुन्हा पाहिलं. "उजव्या. असंच लिहिलंय."

सरांचे वडील शाळेत कारकून. त्यांच्या घरी कधी बैल नव्हता, त्यामुळे लिहिताना त्यांना काय कळणार? पण मी बैलांच्या घरात वाढलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे आंबतात, म्हणून घरधनी हळद-तूप लावून ते आपल्या हातानं मळतो. मी काकांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

"काका, यंदा बैलांचे खांदे कुणी मळले?"

काका गोविंदकडं बघेनात, माझ्याकडं बघेनात. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "मीच मळले गं माय! पन्नास वर्सं मळून राहिलो. गोविंदा आला दिवस बुडाल्यावर. सून आधीच आलेली, पण ती शेजारी गेलेली. बैल माझी वाट बघून राहिले होते दावणीला. भिंतीला धरत धरत गेलो. मळले. आन् परत येताना शेणावर पाय सटकला. सांगितलं असतं तर सरांनी यायचं बंद केलं असतं. म्हून बोललो न्हाई. तुझ्यावर येईल हे ध्यानातच आलं न्हाई बघ. माफ कर."

गोविंद आ वासून बापाकडं बघत राहिला. वकिलांनी पेनाला टोपण लावलं. मी तर तिथंच फुगडी घातली असती!

पण सरांचं लक्ष या कशाकडंच नव्हतं. तक्रार, चौकशी, सगळं विसरून ते काकांच्या हाताकडं बघत होते.

"उजव्या हातानं मळले? बोटं उघडली?"

"उघडली की. बैलापाशी गेल्यावर उघडली."

"दाखवा."

"आता हितं बैल कुठून आणू?"

आणि मग सरांनी पांढरा कोट काढून टेबलावर ठेवला, काकांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकले आणि मान खाली घातली. "हा बैल समजा. मळा."

मोठ्या मॅडमनी चष्मा सारखा केला. काका संकोचले, पण धंद्यातला माणूस! गप्प राहवेना. "सर, बैल अशी मान टाकत न्हाई. जरा ताठ धरा." सरांनी मुकाट्यानं मान ताठ धरली. काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून सरांच्या खांद्यावर ठेवला. क्षणभर काहीच होईना. मग अंगठा हलला. मग एकेक बोट सुटत गेलं, आणि तो हात, तीन महिने आमच्याशी भांडणारा, सरांचा खांदा मळायला लागला. काकांची मळण्यात तंद्री लागली असावी, कारण सवयीनं त्यांच्या तोंडून बैलांना द्यायचं पोळ्याचं आवतण निघून गेलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"हौद री!" सर ओरडले. "हौद री, हौद! बाई, बघा! बोटं बघा! पाचही!" खाली गुडघ्यांवर बसलेला तो माणूस हसत होता आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. काका हसायला लागले, मोठ्या मॅडम हसायला लागल्या, वकीलसुद्धा. गोविंद माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, चुकलं माझं," आणि तक्रारीचा कागद स्वतःच्या हातानं फाडला. मॅडमनी माझ्या पत्रावर तिथंच सही केली. जिंकलो! असं वाजतगाजत कुणी चौकशी जिंकली असेल असं मला वाटत नाही.

सगळे चहाला गेले तेव्हा मोठ्या मॅडमनी मला थांबवलं आणि फाइलमधून एक कागद काढून पुढं केला. "हे आता लागणार नाही. तू वाच आणि फाडून टाक."

सरांचं अक्षर. तारीख तक्रार आली त्या दिवसाची.

"सदर उपचार मी ठरवले व माझ्या डोळ्यांसमोर झाले. चूक आढळल्यास ती माझी धरावी व सोबतचा राजीनामा स्वीकारावा. सुनंदाबाईंच्या नोंदणीस अडथळा येऊ नये. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे."

बारा वर्षांत या माणसानं मला एकदाही 'बरं केलंस' म्हटलेलं नाही.

सर व्हरांड्यात बाकावर बसून वहीत लिहीत होते. खांद्यावरचा शर्ट चुरगळलेला तसाच. मी कागद पुढं धरला. "हे काय सर?"

त्यांनी पाहिलं आणि परत लिहायला लागले. "नियम हाय, बाई. सहायकाचं चुकलं तर देखरेख करणाऱ्यानं जबाबदारी घ्यायची. नवीन काय त्यात?"

"नियमात जबाबदारी लिहिलीय, सर. ती मला पाठ हाय, तुम्हीच करून घेतलीय. राजीनामा कुठल्या कलमात हाय?"

सरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काहीतरी सापडेल अशा आशेनं वहीची दोन-तीन पानं मागं उलटली, दोन-तीन पुढं. मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि बाकावर जरा सरकून मला जागा करून दिली.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळ्या पेशंटांदेखत लहान पोरीसारखी रडले.