नानाची बिनखिळ्याची खुर्ची

आमच्या शेजारच्या आसाराम नानाला प्लास्टिकची खुर्ची दिसली की त्याच्या अंगाची लाही लाही होते. लग्नात कुणी मानानं खुर्ची पुढं केली, तर नाना ती दोन बोटांनी उचलतो, मेलेला उंदीर टाकावा तशी लांब नेऊन ठेवतो आणि जमिनीवर मांडी घालतो. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "जीव हाय का त्याच्यात? मी बिनजिवाच्या वस्तूवर बसत न्हाई!" शेजारी नवरदेवाचा बाप तसल्याच खुर्चीवर बसलेला असतो. त्यानं काय करावं? उठावं का बसावं?

मी नानाला तोंडावर अहो-जाहो करते. इथं एकेरीच लिहिणार. मला त्याचा राग आहे, आणि रागात लिहिताना अहो-जाहो मला जमत नाही.

वडवणीत आमची घरं एकाला एक लागून आहेत. मध्ये कमरेएवढी भिंत. मी घरी मशीनवर ब्लाउज शिवते, म्हणून नाना मला नावानं हाक मारत नाही. "ए मशीनवाले!" असं ओरडतो. साखर मागायला आला तरी भांडायला आल्यासारखा येतो.

नानाची बायको म्हणजे आमची नानी. दोघांनी उभा जन्म ऊस तोडला. नाना कोयता चालवायचा आणि नानी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. आता लेक आणि सून तोडीला जातात, आणि दिवाळीनंतर घरात ही दोघंच उरतात. नानीचे गुडघे गेले, कंबर गेली. खाली बसली की एकटीला उठता येत नाही. म्हणून ती बसतच नाही. दाराची चौकट धरून दिवसभर उभी. चहा उभ्यानं, भाजी निवडणं उभ्यानं, माझ्याशी गप्पा उभ्यानं.

"नानी, बाजेवर तरी टेका की," मी म्हणायची.

"बाजंत माणूस रुततं गं माय. मंग ह्यांला हाका माराव्या लागत्यात. उभीच बरी."

मला ते बघवेना. मी नानाला म्हटलं, "नाना, येत्या बाजारातून नानीला एक खुर्ची घेऊन या. आहे काय त्यात?"

"इकत कावून आणू? बनवतो."

तहान लागल्यावर विहीर खणणारे मी पाहिलेत. ह्यानं तर विहिरीच्या आधी कुदळ घडवायला घेतली. शेताच्या बांधावरची बाभूळ तोडली, तिचे ओंडके बैलगाडीत घालून आणले आणि आमच्या दोघांच्या सामाईक हौदात बुडवले. का? तर पाण्यात मुरलेल्या बाभळीला किडा लागत नाही! पाणी काळंकुट्ट झालं. माझी म्हैस हौदात तोंड घालायची, फुर्र करायची आणि माझ्याकडं बघायची. मी भिंतीवरून ओरडले, "नाना, म्हशीनं काय प्यायचं?"

"तुज्या म्हशीला लई नखरे हायेत. हिरीवर ने."

म्हणजे ह्याच्या खुर्चीसाठी मी रोज विहिरीवर जायचं! अख्खा पावसाळा मी म्हैस घेऊन चिखल तुडवला आणि दर पावलाला नानाचा उद्धार केला.

बसायच्या जागेला पट्टी चालेना, नवार चालेना. दोरी पाहिजे, तीपण घरी वळलेली. त्यासाठी नानानं शेतातली अंबाडी कापून कुजत घातली. कुजलेल्या अंबाडीचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्यानं देवाचे आभार मानावेत. माझी गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून माप द्यायची. एक जण तर ब्लाउज शिवायचंच राहू दे म्हणाली. नाना मात्र त्या घाणीत बसून काड्यांवरचा वाख सोलतोय, मांडीवर दोरी वळतोय आणि मला वर ऐकवतोय, "वास येतोय म्हंजे जीव हाय त्याच्यात!"

आणि नानी? नानी उभीच.

मग माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी माझी स्वतःची खुर्ची, प्लास्टिकची, लाल, भिंतीवरून पलीकडं दिली. म्हटलं, "नानी, हिच्यावर बसा. त्यांची खुर्ची होईल तेव्हा होईल."

नानीनं खुर्चीकडं बघितलं आणि चौकट अजून घट्ट धरली. तेवढ्यात नाना आला. खुर्ची दिसली मात्र, त्यानं ती उचलली आणि भिंतीवरून अशी फेकली की माझ्या अंगणात आपटून तिचा एक पाय मोडला.

"आक्कल हाय का तुमाला?" मी किंचाळले. "बाई दिवसभर ताटकळतीय आन् तुमी सिंहासन घडवत बसलात! सोता बसायला!"

"पुना ही वस्तू माज्या दारात आली तर चुलीत घालीन!"

"घाला! आधी भरपाई द्या!"

भरपाई आली नाही. आम्ही बोलणं बंद केलं. म्हणजे मी बंद केलं. नाना ओरडतच होता.

त्यानंतर मी फक्त बघायची. बघून रागात भर पडायची. एकदा नानी चुलीपाशी उभी होती आणि नाना मागून येऊन तिच्या गुडघ्याच्या लवणीत काठी लावत होता. नानी करवादली, "काय हो हे, म्हातारपणी?" नानानं काठीवर नखानं खूण केली आणि निघून गेला. म्हटलं, झालं, बाभळीनं ह्याचं डोकं पण काळं केलं.

मग लाकूड तासायचा वाकस, करवत आणि पटाशीची ठकठक सुरू झाली. खिळा एक नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. पाठीला अशी गोलाई की हात फिरवावासा वाटावा. शेवटी जवसाचं तेल पाजून त्यानं खुर्ची अंगणात ठेवली आणि मी, बोलणं बंद असूनही, ओरडलेच. "नाना, डावा हात उंच झालाय बघा उजव्यापेक्षा! डोळे गेले का?"

"डोळे शाबूत हायेत. तू तुजं काजं-बटन बघ."

निवडणुकीचे दिवस होते. त्याच दुपारी एक पुढारी गळ्यात गमछे घातलेली पलटण घेऊन आमच्या गल्लीत शिरला. नानाच्या अंगणातली खुर्ची बघून त्याचा चेहरा फुलला. "वा नाना! आमच्यासाठी गादी तयारच ठेवलीत की!" असं म्हणत तो धोतर सावरून टेकायला वाकला.

"ऊठ बे!"

नानाच्या हातात वाकस होता. पुढारी अर्धा वाकलेला तसाच थांबला.

एक गमछा पुढं आला. "नाना, कुणाला बोलताय, कळतंय का?"

"वळखतो की. ऊसतोड बायांचा सत्कार ह्यांनीच ठेवलता ना? हिला बोलावलतं. उभ्या जल्मात पयल्यांदा कुणी खुर्ची दिलती तिला, तीबी पलाष्टिकची. नारळ घेऊन बसली आन् त्या खुर्चीचे मागचे पाय फाकले. उताणी पडली सगळ्यांम्होरं. आन् तुमी सगळे हसलात. ह्ये ष्टेजावर बसून हसले." त्यानं वाकस पुढाऱ्याकडं केला. "तवापसून ती कुटल्याच खुर्चीवर बसत न्हाई. म्हंती, मोडंल. ही मोडनार न्हाई. जिच्या मापाची हाय तीच बसंल हिच्यावर. मी बी बसलो न्हाई अजून."

पुढारी सरळ झाला, "बघू, बघू" म्हणाला आणि पलटण घेऊन पुढच्या गल्लीत गेला. हातात सुई तशीच धरून मी उभी. मला इतका राग आला! पुढाऱ्याचा तर आलाच, नानीचाही आला. इतक्या गप्पा मारते माझ्याशी, आणि हे सांगितलं नाही! नानाचा सगळ्यात जास्त आला. मेल्या, एवढं तोंडानं सांगितलं असतं तर माझी खुर्ची तरी वाचली असती!

नानानं खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली. "बस."

नानी चौकट सोडेना. "मी न्हाई."

"आता कावून? एक खिळा न्हाई. हत्ती बसला तरी हालनार न्हाई."

"मोडायचं न्हाई वो. तुमी उभं ऱ्हाता आन् मी खुर्चीत बसू? मालकाम्होरं? सासूबाईंनी तुमच्याम्होरं कदी बाजंवर टेकू दिलं न्हाई."

"सासू मरून गेली!"

"रीत मेली का?"

नाना लालबुंद झाला. मला वाटलं, आता हा वाकस घालून खुर्चीचे तुकडे करतो. मीच ओरडले, "नानी, बसा! न्हाईतर मी येऊन बसते!"

"तू गप गं मशीनवाले!"

आणि नाना तरातरा चालत आमच्या मधल्या भिंतीपाशी आला. नानीकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं आणि खाली उकिडवा बसला. तिथूनच गरजला, "आता मी तुज्याम्होरं न्हाई. भिताडाम्होरं हाय. बस!"

भिंत कमरेएवढी. मी अलीकडं उभी. भिंतीवरून वाकले तसं त्याचं तोंड माझ्या अगदी पुढ्यात आलं. गरजून झाल्यावर त्यानं डोळे गच्च मिटले होते. मागं अंबाडीची दोरी हळूच करकरली.

जन्मात पहिल्यांदा नाना माझ्याशी हळू आवाजात बोलला. "बसली का गं?"

"बसल्या."

"मागं टेकली का?"

"टेकल्या."

"आता उटाया सांग."

मी सांगितलं. नानी क्षणभर घाबरली. तिचा उजवा खांदा मोळ्यांनी कधीचा उतरलाय. मी तिचं ब्लाउज पुढून हुकं लावून शिवते, कारण तो हात मागं जातच नाही. तिनं डावा तळवा त्या उंच हातावर रोवला आणि ती उठली. कुणाला हाक न मारता.

"उठल्या, नाना. एकट्या उठल्या."

नानाचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला आणि टॉवेलातून माझ्यावर खेकसला, "मंग बघत कावून उभी ऱ्हायली? म्हशीला पानी पाज जा!"

आता रोज संध्याकाळी नाना भिंतीकडं तोंड करून चहा पितो. जाणारे-येणारे हसतात, त्यांना तो पाठमोराच शिव्या घालतो. माझ्या खुर्चीचा पाय अजून मोडकाच आहे. शिव्या संपल्या की नाना भिंतीलाच विचारतो, "बसलीस का?"

"बसले वो, बसले," मागून नानी म्हणते. "चहा प्या, गार हुतोय."