हे काय व्हय?

घाटंजीच्या ज्या टपरीवर आजवर कधी कॉफी झालीच नाही, तिथेही राठोड सर ग्लास हातात घेऊन आधी विचारतात, "हे काय व्हय?" टपरीवाला मुकाट्याने "चहा" म्हणतो. मगच सर घोट घेतात.

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात, मी टायपिंग. त्यांच्याबरोबर आठवडी बाजाराला जाणं म्हणजे माझ्या सोशिकपणाची परीक्षा. तुरीच्या पोत्यात हात घालून हे विचारणार, "काय व्हय?"

"तूर व्हय सर. दिसत नाही काय?" विकणारा वैतागतो.

"दिसते. म्हणूनच इचारून राह्यलो."

हे खूळ त्यांना शिकवता शिकवता लागलं. एका मुलीच्या प्रोग्राममध्ये दोन गाड्यांतल्या कापसाची बेरीज होती. बारा क्विंटल आणि तीन क्विंटल. कॉम्प्युटर म्हणे एकशे तेवीस. पोरगी रडकुंडीला आली. सरांनी तिला एकच ओळ लिहायला लावली, त्या बाराला त्याचा प्रकार विचारणारी. पडद्यावर नाव उमटलं: 'एसटीआर'. म्हणजे तो आकडा नव्हताच, आकड्यासारखा दिसणारा मजकूर होता, आणि मजकुराची बेरीज होत नाही, तो नुसता एकापुढे एक चिकटतो.

"पाह्य," सर म्हणाले, "आपण ठरवाचं नाही. ज्याचं त्यालेच इचाराचं."

त्या ओळीच्या शेवटी 'नेम', म्हणजे नाव, जोडायला ते विसरत नाहीत. नाहीतर कॉम्प्युटर कंसबिंस घालून लांबण लावतो. "नाव इचारलं तं नाव सांग, पत्रिका कायले काढतं?" असं ते कॉम्प्युटरला खरोखर रागावतात.

सर तांड्यावरचे. आईवडील गेले, लग्न राहून गेलं. चौदा वर्षं ते इंदूकाकूंकडे भाड्याने राहतात. काकूही एकट्याच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्याडब्यावर सरांनी चिठ्ठ्या डकवल्यात. काकूंना वाचता येत नाही, हे त्यांना पटत नाही.

गेल्या महिन्यात काकू अंगणात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. सर आणि मी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथे ऑपरेशनआधी नातेवाइकाची सही हवी होती. सरांनी फॉर्म भराभर भरला आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी ते अडले. पेन टेकवलं, उचललं. अख्ख्या बाजाराला विचारत फिरणारा हा माणूस हे एक विचारायला घाबरत होता. मला फार वाईट वाटलं.

"ज्याचं त्यालेच इचारा," मी म्हणालो.

ते खाटेपाशी गेले. "काकू, इथं नातं लिहाचं हाये. मी तुमचा काय व्हय?"

एरवी त्यांना 'मास्तर, तुम्ही' म्हणणाऱ्या काकूंनी कण्हताकण्हता डोळे वटारले. "चौदा वर्सं माह्या हातचं जेवून राह्यला, अन् आता इचारतं? लेक लिही. अन् लवकर लिही, पाय ठणकून राह्यला."

सरांनी लिहिलं, सही केली आणि बराच वेळ चष्मा पुसला. फॉर्म न्यायला नर्स आली. तिने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"लिहून हाये," सर छाती काढून म्हणाले, "वाचून घ्या."