मुळ्ये साहेबांच्या चपलेची माती

सिल्वासात माझा पाय टिकला तो मुळ्ये साहेबांमुळे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे आणि कुणाला वाटायला नको की मी त्यांना हसतोय.

आपण घरात शिरताना चपला झटकतो. मुळ्ये साहेब शेतातून बाहेर पडताना झटकायचे. बांधावर एका पायावर उभे राहायचे, दुसऱ्या पायातली चप्पल हातात घ्यायची, काडीने माती खरवडायची आणि ती परत त्याच शेतात टाकायची. पाड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. साहेब म्हणायचे, "हसा. शेत तुमचं, माती तुमची. मी कशाला घरी न्यायची?"

साहेब मृदसंधारणाच्या कामावर, मूळचे राजापूरकडचे. मी शहाद्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. राखोलीला धाग्याच्या कंपनीत होतो. ठेकेदाराने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. डोकमर्डीला आमच्याच चाळीत वरच्या खोलीत साहेब एकटे राहायचे. मी जिन्यात तोंड पाडून बसलेला बघून म्हणाले, "डोंगर चढतोस काय रे? भर पावसात?"

"चढतो ना साहेब."

"मग इथे जिन्यात काय बसलायस मेल्या!"

काम तसं साधं. शेजारी शेजारी दोन डोंगर. एकावर आडवे चर खोदून, बांध घालून पाणी अडवलेलं. दुसरा तसाच बोडका. दोन्हींच्या पायथ्याला ओढे, दोन्ही पुढे दमणगंगेला मिळणारे. पाऊस झाला की दोन्हीकडचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि कुठल्या डोंगराची किती माती वाहिली ते बघायचं. बाटल्या तपासणीला जायच्याच, पण साहेब आपल्यासाठी थोडं पाणी लोणच्याच्या बरण्यांत ओतून खिडकीत मांडायचे. घरमालकीण शारदाबेन वैतागायच्या. "साहेब, आ गंदु पाणी फेंकी दो ने! लोक माझ्या टाकीला नावं ठेवतात."

"घाई नको शारदाबेन, गाळ बसू दे."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. ऑफिसात कुणी चिडलं, कुठला उलटसुलट हुकूम आला, मी घाबरून धावत आलो, तरी साहेब म्हणणार, गाळ बसू दे.

वैशाखात ते पाड्यावरच्या हापशाला स्वतः लटकायचे, पाणी लवकर येतं की दमवून येतं ते बघायला. पोरांना विचारायचे, ओढ्यात खेकडे सापडतात का? मी विचारलं, खेकड्यांचं आपल्याला काय? तर म्हणाले, "खेकडा रिपोर्ट वाचत नाही रे. ओल राहिली तर राहतो, नाहीतर चालू लागतो. त्याच्याएवढा खरा साक्षीदार नाही."

मागच्या पावसाळ्यानंतर वरचे अधिकारी यायचे होते. ही मोजणी पुढे चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरणार होतं. बंद झाली तर मला गावी परत जावं लागणार, आणि गावी मला काहीच काम नाही. मला जेवण जाईना.

त्या दिवशी साहेब ऑक्टोबरच्या उन्हात गळ्याला मफलर बांधून, बरण्या घेऊन ऑफिसात आले. घशाकडे बोट, मग माझ्याकडे बोट. म्हणजे बोलायचं मी! मी बरण्या हलवून ओळीने पुढे मांडल्या.

"ही बरणी चराच्या डोंगराची, ही बोडक्याची," मी म्हटलं. पहिलीतलं पाणी जवळजवळ नितळ, दुसरीतलं गढूळ.

एक अधिकारी म्हणाले, "त्या बाजूला पाऊसच कमी झाला असेल."

"डोंगर खेटून आहेत साहेब. ढग एकच येतो."

"मग ही तिसरी? ही तर चहासारखी आहे."

ती चराच्या डोंगराचीच होती. मी मुळ्ये साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी सांगून टाकलं, की वर कुणी ट्रॅक्टरला वाट काढताना चर बुजवले, पाणी तिथून फुटलं. आम्ही ओढ्याच्या कडेने चढत जाऊन ती जागा शोधली, चर पुन्हा खोदून घेतले, पुढच्या पावसाला पाणी निवळलं.

"पण ही बरणी मांडायची कशाला?"

"मुळ्ये साहेब फेकू देत नाहीत."

सगळे हसले. बरण्या उचलून दोन्ही बाजूंनी बघितल्या, माझं नाव विचारलं, आणि मोजणी चालू ठेवा म्हणून सांगून गेले.

परतताना मी साहेबांच्या स्कूटरवर मागे. पुढे मुरमाचा एक ट्रक माती सांडत चाललेला. साहेब कडाडले, "अरे ताडपत्री टाक की मेल्या!"

"साहेब, तुमचा घसा?"

साहेबांनी स्कूटर कडेला घेतली. मफलर सोडून घाम पुसला. "मी उन्हाळ्यात रिटायर होतोय. आज मी बोललो असतो तर त्यांनी मला लक्षात ठेवलं असतं. माझं नाव लक्षात ठेवून काय करायचंय? इथे तू राहणार."

मी विचारलं, "मग तुम्ही गावी जाणार? कोण आहे तिकडे?"

"घर आहे." मफलरची घडी घालत म्हणाले, "उतारावर आहे. मागचं अंगण दर पावसात थोडं थोडं खालच्या वहाळात, ओढ्यात वाहून जातं. ही दरवर्षी सांगायची, एक बांध घाला हो. मी म्हणायचो, येतो, घालतो. इथे लोकांचे बांध मोजत बसलो. आता ती नाही. अंगण आहे अजून थोडं."

आणि स्कूटर सुरू केली.

साहेब आता गावी आहेत. फोन केला की आधी ओढ्याचं विचारतात, मग माझं. अंगणाचं मी विचारलं की म्हणतात, "आहे रे, कोण बघतंय इथे." मला अजून सलग रजा मिळत नाही. पण ज्या साली मिळेल, त्या साली पावसाच्या आधी पहार, फावडं घेऊन मी राजापूरच्या गाडीत बसणार आहे. साहेब नको म्हणतील. त्यांना खुर्चीत बसवीन आणि दगडावर दगड रचून त्या अंगणाला बांध घालून देईन.